मागे नुसती भिंत

४ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही हिने आणून दिली. पिशवीतून काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "घ्या. रोज संध्याकाळी मला जे ऐकवता, ते आता यात लिहीत जा."

मी म्हटलं, "का, कंटाळलीस?"

"मी कुठली कंटाळते? पण वहीची सवय असलेली बरी. वही कुठे जात नाही."

या वयात नवी सवय म्हणजे जुन्या बैलाला नवं जू. पण कागद चांगला निघाला, म्हणून बसलो. कागद माझ्या बोटांना डोळ्यांच्या आधी कळतो. उभा जन्म छापखान्यात जुळारी होतो. अक्षरांचे शिशाचे खिळे केसच्या, म्हणजे खणांच्या पेटीच्या, घरांतून एकेक उचलायचे, स्टिकमध्ये लावायचे, ओळ भरली की पुढची. शाळेची वाचनमाला दरवर्षी आमच्याकडेच छापायला यायची. त्यामुळे झालं असं, की शाळा माझी लवकर सुटली, पण शाळेतल्या कविता काही सुटल्या नाहीत. मुलं त्या वर्षभर घोकून विसरायची. मी दर उन्हाळ्यात नव्यानं जुळवायचो.

या घरात एक रीत आहे, ती लिहून ठेवतो. मला वाईट बातमी मागाहून सांगतात. वडील गेल्याची तार माझ्या हातात पडली तेव्हा मी जो आडवा झालो तो कितीतरी दिवस अंथरुणातून उठलो नाही. हिचं नवंनवं लग्न, घाबरून गेली बिचारी. तेव्हापासून तिने ठरवूनच टाकलं. सगळं आटोपलं, रडणारे रडून मोकळे झाले, की मग चहाच्या कपाबरोबर, बेताबेतानं, ती मला सांगते. थोरली बहीण गेली ते मला असंच कळलं. छापखाना बंद होणार हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. मी शेवटच्या दिवसापर्यंत शीळ घालत कामाला जात होतो.

सकाळचं वर्तमानपत्रसुद्धा आधी हिच्या हातात जातं. निधनाच्या जाहिराती ती कात्रीनं कापून काढते आणि मग पेपर मला देते. माझ्या पेपरला खिडक्या असतात. पान उचललं की चौकटीतून ही दिसते, ओट्यापाशी, पाठमोरी. नात म्हणते, "आजोबा, तुमच्या जगाला भोकं आहेत." या नातीला आम्ही वकीलीण म्हणतो. उठल्यापासून तिची उलटतपासणी चालू.

गंमत अशी की छापखान्यात असताना गावच्या साप्ताहिकातल्या निधनाच्या जाहिराती मीच जुळवायचो. तिथं माणूस दिसत नसे. अक्षरं दिसत, तीही उलटी.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज जेवताना ही एकदम म्हणाली, "त्या तटबंदीच्या गावाला जाऊन येऊ या एकदा. सगळ्यांनी."

चिरंजिवांचा चमचा ताटात तसाच राहिला. सूनबाई गॅस बंद करायला आत गेली. गॅस मघाशीच बंद केला होता. या पिढीला इतिहासाचं नाव काढलं की असं होतं.

मी मात्र खूश. ते गाव म्हणजे माझी कविता आहे. वाचनमालेत सातव्या इयत्तेला होती, सोबत बुरुजाच्या चित्राचा ठोकळा.

बुरुजावरती उभा एकटा जुना शिपाई वारा
कुणी न उरले आत तरीही करी अजून पहारा

कवीचं नाव पुस्तकात नव्हतंच. मीच जुळवली, म्हणून मला ती थोडीशी माझीच वाटते.

लग्नानंतर आम्ही दोघं तिथं एकदा गेलो होतो. बुरुजाच्या पायथ्याशीच हिच्या चपलेचा अंगठा तुटला. ही खाली दगडावर बसली आणि मी एकटा वर जाऊन अख्खी कविता म्हणून आलो. परत येताना हिने ऐकवलं होतं, "पुढच्या वेळी मी वर येणार आणि तुम्ही चप्पल सांभाळा." ती पुढची वेळ काही आली नाही. मुलं, शाळा, सासूबाईंचं आजारपण. आज तिला आठवण करून दिली तर म्हणाली, "म्हणून तर जायचंय. या वेळी वर येणार मी."

लेकही यायची आहे. ती परगावी शाळेत शिकवते. ऐन परीक्षांच्या दिवसांत तिला रजा मिळाली. पूर्वी घरच्या लग्नालासुद्धा मिळत नसे. शाळा सुधारल्या म्हणायच्या.

१० फेब्रुवारी, सोमवार

हिने माझी शाळा सुरू केली आहे. आज धुलाई यंत्राचा धडा. कुठलं बटण, साबण किती, पांढरे वेगळे, रंगीत वेगळे. मी म्हटलं, "तू आहेस की."

"मी आहे. पण मला कंटाळा आलाय."

"मग सूनबाई आहे."

"ती कामावर जाते. तुमचे पायमोजे धुवायला तिने रजा काढायची?"

परवा चहा शिकवला. काल औषधांचा डबा, सकाळच्या गोळ्या कुठल्या, रात्रीच्या कुठल्या. धडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. चिरंजिवांना लहानपणी पाढे शिकवतानाही हिचा एवढा आवाज चढत नसे. शेवटी मी वैतागून म्हणालो, "अगं, परीक्षा कधी आहे ते तरी सांग!" तर ही यंत्राच्या झाकणावर हात ठेवून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "चला, साबणाचा कप्पा दाखवा बघू कुठला ते."

हल्ली जेवते कमी. बारीक झाली आहे. मी म्हटलं, लग्नात दिसत होतीस तशी दिसायला लागलीस. त्यावर हसली.

दातांच्या डॉक्टरकडे मात्र फार खेपा होतात. दर आठवड्याला चिरंजीव तिला गाडीत घालून घेऊन जातात ते दुपार कलल्यावर आणतात. मी विचारलं, "अरे, हिला एवढे दात आहेत तरी कुठे?" एरवी असल्या विनोदाला खो खो हसणारा मुलगा. आज गाडीच्या किल्ल्या शोधत बसला. किल्ल्या त्याच्याच हातात होत्या.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी विचित्रच झालं. पेपर अख्खा आला. एकही खिडकी नाही.

मी पान उघडलं आणि समोर त्या चौकटींची रांग. ओळखीच्या घरात परका माणूस बसलेला दिसावा तसं झालं. घाईघाईनं मिटून ठेवला.

"अगं, कापायचं विसरलीस."

"कात्री सापडली नाही."

कात्री ओट्यावरच्या खिळ्याला टांगलेली दिसत होती. मी तिकडे बोट केलं. हिने कात्रीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "हात दुखतो हो. एखादा दिवस अख्खा वाचलात तर काय होईल?"

मी वकिलिणीला बोलावलं. "हे एवढं कापून दे गं."

ती कॉलेजची पिशवी खांद्याला लावत म्हणाली, "मी नाही कापणार."

"का?"

"मला पटत नाही." आणि आजीकडे बघून, "आजी, मला खरंच पटत नाहीये." पायात बूट अर्धवट घालून निघून गेली. या पोरीला सगळ्याच गोष्टीत तत्त्व लागतं.

पेपर न वाचताच रद्दीत टाकला. दिवसभर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

लेक आली. दारातच आईच्या गळ्यात पडली ती सोडेचना. शेवटी मीच म्हटलं, "अगं, तिला श्वास तरी घेऊ दे." डोळे लाल झाले होते तिचे. बसच्या खिडकीशी बसायची तिची लहानपणापासूनची खोड, धूळ जाणारच.

संध्याकाळी बहीणभावांचं गच्चीवर काहीतरी चाललं होतं. मी कपडे काढायला वर गेलो (तेही आता माझ्याकडेच आलं आहे) तर लेकीचा आवाज: "तूच सांग, तू थोरला आहेस." आणि हा: "मला नाही जमत. त्यांना आईशिवाय कोणी कधी काही सांगितलंय का?" मी खाकरलो तशी दोघं गप्प झाली. घराच्या डागडुजीचं असणार. भिंतीला ओल आली आहे हे मला कधीच दिसलं आहे. मी पण बोललो नाही, त्यांना वाईट वाटायला नको.

उद्याची तयारी झाली. कविता दोनदा म्हणून पाहिली. एक अक्षर हललेलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

घरी परत आलो. पाय दुखताहेत, पण आजच लिहायला हवं.

मोठी गाडी ठरवली होती. ही खिडकीशी, मी तिच्या शेजारी. तिच्या पाठीशी दोन उशा, पायांवर शाल. एवढा थाट कशाला म्हणून मी चेष्टा केली, "राणीसाहेब निघाल्या मोहिमेवर." तर ही म्हणाली, "मग! राजे बरोबर आहेत, पण त्यांना नकाशा कळत नाही." पुढे चिरंजीव हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

गाव आहे तसंच आहे. वेशीची मोठी कमान, दगडी फरसबंदीचा अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना लाकडी गॅलऱ्यांची घरं. घड्याळाच्या मनोऱ्यावरचं घड्याळ तेव्हाही बंद होतं, आताही बंदच. संग्रहालयात गंजलेली तोफ, फुटकी भांडी, एका काचेत कुणाचा तरी चष्मा. गाईड छातीठोक थापा मारत होता. म्हणाला, "या तोफेचा आवाज समुद्रापर्यंत जायचा." वकीलीण म्हणाली, "समुद्र कुठल्या बाजूला आहे?" त्याने दोन दिशांना हात केले. ही हसता हसता खोकायला लागली आणि मग बराच वेळ खोकतच राहिली. लेकीने बाटली पुढे केली. सूनबाई पाठ चोळत उभी. मी म्हटलं, जुन्या वास्तूंत धूळ फार.

ही चालत होती ती अशी, की दर दहा पावलांवर काहीतरी बघायला थांबायची. एकदा कोरीव खांब. एकदा मांजर. एकदा नुसतं कुणाचं तरी बंद दार. मी मनात म्हटलं, जन्मभर हिला घाई. आज पहिल्यांदा मन लावून बघते आहे.

मग फोटो. चिरंजिवांनी कमानीखाली सगळ्यांचा काढला, तोफेजवळ माझा काढला. मी म्हटलं, आता हिचा बुरूज मागे घेऊन काढ. तर ही म्हणाली, "नको. माझा एकटीचा इथं काढ." आणि एका चुना मारलेल्या साध्या भिंतीपुढे जाऊन उभी राहिली. मी कपाळावर हात मारला. "अगं, एवढ्या लांब ऐतिहासिक गावाला येऊन नुसत्या भिंतीपुढे? असली भिंत आपल्या घरामागेही आहे."

"असू दे. मागे काही नको."

शाल काढून लेकीकडे दिली. केस सारखे केले. निळा स्वेटर खांद्यांवरून घसरत होता तो वर ओढला आणि सरळ कॅमेऱ्यात बघून उभी राहिली. चिरंजिवांनी फोन वर केला, खाली घेतला, पुन्हा वर केला. "उन्हाची तिरीप येतेय," म्हणाला. ऊन त्याच्या पाठीकडून होतं. शेवटी सूनबाईने फोन त्याच्या हातातून घेतला आणि तिनेच काढला.

ही म्हणाली, "बघू? हां. चांगला आलाय. हाच ठेवा."

झाडाखाली बसून खाल्लं. पाव, उकडलेली अंडी, संत्री. हिने एका संत्र्याची एक फोड बराच वेळ हातात धरली होती. मी बोलता बोलता तिची बाकीची संत्रीही खाऊन टाकली, ते मला सालं बघितल्यावर कळलं.

आणि मग बुरूज. पायऱ्या उंच, मधे मधे झिजलेल्या. ही पायथ्याशी आली, पहिल्या पायरीवर पाय ठेवला, कठडा धरला. आम्ही सगळे मागे उभे. दुसऱ्या पायरीवर ती थांबली. मी म्हटलं, "चल, हात दे." हात दिला तिने. मग काढून घेतला.

"तुम्ही जा," म्हणाली. "मी इथं बसते. त्याच दगडावर."

"अगं, या वेळी चप्पल शाबूत आहे!"

"हो ना. या वेळी चप्पल चांगली निघाली." लेकीने तोंड फिरवलं. ही मला म्हणाली, "जा हो. वरून काय दिसलं ते मला मागाहून सांगा. दर वेळी मीच सांगते तुम्हाला मागाहून."

खरं सांगायचं तर मी जरा रागावलोच. एवढं ठरवून आलो. पण वर जायचं होतंच. वकिलिणीने माझा दंड धरला आणि आम्ही निघालो.

वर वारा होता, कवितेतला. नदी, शेतं, लांबवर धुरकट डोंगर. मी घसा साफ केला आणि सुरुवात केली. पहिलं कडवं झालं. बाजूला पोरगी कठड्याला टेकून खाली बघत होती. मधेच म्हणाली, "आजोबा, एक विचारू?"

"कविता होऊ दे."

"नाही. आत्ताच. तुम्हाला खरंच कळत नाही, की तुम्ही कळून घेत नाही?"

"काय?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तोंड उघडलं तिने. मग मिटलं. "काही नाही. मी आजीला शब्द दिलाय," म्हणाली आणि नाक पुसलं.

मी खाली पाहिलं. आमची माणसं लहान लहान दिसत होती. ही दगडावर बसलेली, निळ्या स्वेटरचा एक ठिपका. लेक तिच्या पायाशी जमिनीवर बसून तिचे पाय मांडीवर घेऊन चेपत होती. चिरंजीव लांब जाऊन झाडाच्या बुंध्याला कपाळ लावून उभे. त्यांना उंचावरूनच नाही, खालून वर बघूनही भोवळ येते. सूनबाई त्यांच्या पाठीवर हात फिरवत होती. हिने मान वर केली आणि मला हात हलवला. मीही हलवला.

दुसरं कडवं मला आठवेना. कालपर्यंत पाठ होतं. ओठांशी येई आणि परत जाई. वाऱ्यामुळे असेल. तसाच खाली उतरलो.

परतताना ही माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. वरून काय दिसलं ते सांगायचं राहूनच गेलं. डोकं इतकं हलकं लागत होतं, की मी दोनतीनदा वळून पाहिलं, आहे ना म्हणून.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ही उठली नाही. प्रवास बाधला. डॉक्टर घरी येऊन गेले. दातांचे नव्हेत, दुसरे. मला बघून त्यांनी बॅग घाईने बंद केली आणि म्हणाले, "दमल्या आहेत. आराम करू द्या." मग चिरंजिवांना खालपर्यंत घेऊन गेले.

चहा मी केला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

लेक अजून इथेच. परीक्षांचं काय, विचारलं तर म्हणाली, "दुसऱ्या बाई बघताहेत." सूनबाईही दुपारची घरी असते. घर माणसांनी भरलं आहे आणि आवाज मात्र नाही. सगळे पायमोज्यांवर चालल्यासारखे चालतात.

आज धुलाई यंत्र मी एकट्यानं लावलं. हिची खोलीतून हाक: "पांढरे वेगळे केले?"

"केले!"

"साबण?"

"घातला!"

"बटण कुठलं दाबलंत?"

"तिसरं!"

मग काही आवाज नाही. डोकावून पाहिलं तर डोळे मिटून हसत होती. "पास," म्हणाली.

पेपर रोज अख्खा येतो. मी रोज मिटून ठेवतो. आज कात्री खिळ्यावरून काढून हातात घेतली, पण कापायचं तर आधी पाहावं लागतं. पुन्हा टांगली.

दुसरं कडवं अजून आठवत नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सहलीचे फोटो छापून आले. आजकाल फोनमध्येच ठेवतात, पण हिने हट्टानं कागदावर मागवले. पाकीट जेवणाच्या टेबलावर होतं. घरात सगळे आपापल्या कामात. मी चष्मा लावून बसलो आणि एकेक काढत गेलो. कमान. तोफ आणि मी. घड्याळाचा मनोरा. सगळे मोठे, पोस्टकार्डाएवढे.

सगळ्यात शेवटी एक लहान होता. तिचा. मागे नुसती पांढरी भिंत, समोर सरळ नजर. कडेचं सगळं कापलेलं, चेहरा आणि खांदे तेवढे.

मी तो उचलला आणि अंगठा आणि मधलं बोट आपोआप त्याच्या दोन कडांना लागलं. आमच्याकडे मापाची पट्टी नंतर, आधी बोटं. एक कॉलम. बरोबर एक कॉलम रुंद.

असले फोटो किती आले माझ्या हाताखाली. एकट्या माणसाचा, समोरून घेतलेला, मागे काही नाही. ठोकळा वर बसवायचा, त्याखाली ठळक अक्षरांत नाव, त्याखाली बारीक अक्षरांत ओळी. माझा उजवा हात टेबलावरून उठला होता. समोर नसलेल्या खिळ्यांच्या केसवर फिरत होता. हिच्या नावाचं पहिलं अक्षर कुठल्या घरात असतं, ते हाताला अजून पाठ आहे. हात तिथं गेला, आणि मला कळलं मी काय जुळवायला निघालो आहे ते.

मी हात दुसऱ्या हातानं धरून खाली ठेवला.

मग एकेक गोष्ट येत गेली. दातांचे डॉक्टर. साबणाचा कप्पा. संत्र्याची फोड. झाडाला कपाळ लावून उभा असलेला माझा मुलगा. सगळी ओळ समोर होती. आयुष्यभर उलटी अक्षरं सरळ वाचली मी, आणि ही सरळ लिहिलेली ओळ.

फोटो घेऊन खोलीत गेलो. लेक तिथं बसली होती. माझ्या हातात काय आहे ते पाहिलं आणि उठून बाहेर गेली. दार ओढून घेतलं.

मी म्हटलं, "हा लहान का छापला?"

हिने फोटोकडे पाहिलं.

"मागे नुसती भिंत कशाला?"

"तुम्हीच म्हणायचात ना," ही म्हणाली, "मागे झाडंबिडं असली की छापताना चेहरा काळा येतो. लोक लग्नातले फोटो कापून आणतात म्हणून किती चिडायचात. तुमची चिडचिड नको म्हटलं."

मी पलंगाच्या कडेला बसलो. "मला मागाहून सांगायचं ठरलं होतं?"

"हो. मीच ठरवलं होतं. नेहमीसारखं."

"मग?"

"मग माझ्या लक्षात आलं." तिने शालीचा काठ सरळ केला. "मागाहून तुम्हाला सांगते कोण? मीच ना? चहा करून, समोर बसून. पोरांना ते कधी शिकवलंच नाही मी. ही बातमी कोण देणार हो तुम्हाला? तिथंच सगळं अडलं. थोरला म्हणे मी नाही, धाकटी म्हणे मी नाही. मग म्हटलं, आधी पेपर अख्खा द्यावा. हळूहळू सवय होईल."

"मी रद्दीत टाकला."

"बघितलं मी."

बाहेर स्वयंपाकघरात कुणीतरी नळ सोडला आणि लगेच बंद केला. सगळे दारापलीकडे उभे होते.

मी म्हटलं, "आता सांग. या वेळी आधी सांग."

तिने सांगितलं. काय आहे, कधी कळलं, डॉक्टर काय म्हणतात, किती वेळ म्हणतात. थोडं थोडं, थांबत, मला बघत, जशी नेहमी सांगते तशीच. ते इथं लिहीत नाही. शेवटी म्हणाली, "आडवं व्हायचं असेल तर उशी आहे इकडे."

मी आडवा झालो नाही. आडवं व्हायला जागा तिचीच होती आणि तिथं ती होती. उठून चहा केला. दोन कप. साखर घालायची विसरलो. हिने एक घोट घेतला आणि म्हणाली, "जमतंय."

२ मार्च, रविवार

घर पुन्हा बोलायला लागलं आहे. चिरंजीव येऊन माझ्याजवळ बसतात. काल वकिलिणीने माझ्या गळ्यात हात टाकला. म्हणाली, "सॉरी आजोबा." मी म्हटलं, "कशाबद्दल? तू तर कापायला नाही म्हणालीस." तर रडायला लागली.

आज सकाळी पेपर आला. मी हिच्या खोलीत खुर्ची नेली.

ही म्हणाली, "कात्री हवी?"

"नको. मोठ्यानं वाचतो. ऐक."

पहिल्या पानापासून सुरू केलं. पुलाचं काम, पाण्याची वेळ, कुणाचं तरी भाषण. मग त्या चौकटींचं पान आलं. एक श्वास घेतला आणि तेही वाचलं. पहिले कुणी कारखानदार. दुसऱ्या कुणी शाळेच्या माजी मुख्याध्यापिका. तिसऱ्याला ही म्हणाली, "थांबा, थांबा. हा गेला? आपल्या शेजारच्या गल्लीतला, कुत्रा घेऊन फिरायचा तो?"

"तोच दिसतोय. फोटो लग्नातला आहे. शेजारणीचा खांदा आलाय त्यात."

"बघू." तिने पेपर जवळ घेतला. "चेहरा काळा आलाय हो."

"येणारच. मागे झाडं."

दोघंही हसलो. मग तिला खोकला आला, तो बराच वेळ टिकला. पाणी दिलं. उशी सारखी केली. डोळे मिटल्यावर मला वाटलं झोपली, म्हणून पान हळूच मिटत होतो, तर तशीच डोळे मिटून म्हणाली, "वरून काय दिसलं ते सांगितलंच नाहीत तुम्ही."

"कुठून?"

"बुरुजावरून. मागाहून सांगणार होतात."

मी जरा विचार केला. "तुझा स्वेटर दिसत होता. निळा. एवढासा."

"एवढंच?"

"नदी होती. पण नदी काय, कुठेही असते."

"आणि तुमचा तो शिपाई?"

"वारा होता. डोळ्यांत जात होता. कविता अर्धीच झाली, पुढची आठवेना."

"म्हणजे मी वर आले नाही म्हणून माझं काही बुडालं नाही."

"काही नाही बुडालं."

"मग बरं," म्हणाली.

आता झोपली आहे. आतमध्ये यंत्र चालू आहे, पांढऱ्या कपड्यांचं. ते थांबलं की वाळत घालायचे आहेत. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही जाऊन पडा थोडं, मी बसते."

मी म्हटलं, "नको. मी इथंच आहे."